पाणी कुठपर्यंत आलं होतं

कापडणीस सर म्हणाले, किल्ले पुरे आता.
दर वर्षी तेच थर्माकोल, तोच तोफेतून निघणारा कापूस.
यंदाच्या इतिहास जत्रेला आपल्या गल्लीचं काहीतरी आणा.
आणि पुरावा आणा.
'लोक म्हणतात' असं लिहिलंत तर मार्क कापीन.

म्हणून आम्ही तिघं, मी, निशिगंधा आणि फैजान अत्तार,
फैजानच्या मामूंचा शिवणकामाचा टेप गळ्यात घालून
दहीपुलापासून भांडी बाजारापर्यंत
एकच प्रश्न विचारत गेलो:
मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?

आकडा कुणीच सांगितला नाही.
सराफानं काउंटरमागं उभं राहून पोटावर आडवा हात ठेवला.
पानवाला म्हणाला, मारुतीच्या छातीला.
माझी छाती नाही हो, दुतोंड्याची.
फुलवाली म्हणाली, घंटेला लागलं होतं,
नारोशंकराची घंटा मी ऐकलीय.
ऐकलीय की सांगितलेली ऐकलीय, सरांच्या आवाजात निशिगंधा म्हणाली,
तर बाईंनी आम्हाला शेवंतीची एक एक वेणी देऊन वाटेला लावलं.
फैजाननं वहीत लिहिलं: पोट, छाती, घंटा.

तांबट भावांकडे भांडण लागलं.
धाकटे दगडूकाका म्हणाले, गळ्यापर्यंत.
गळ्याला हात लावताना त्यांची हातोडी थांबली.
थोरले ऐरणीपलीकडून हसले,
गळ्यापर्यंत कुठलं, कमरेला होतं,
मीच तर उभा होतो पिंपाशेजारी.
दोघं एकाच दारात होते. एकाच वेळी.
चहा आला, गेला, भांडण तसंच.
मग निशिगंधानं विचारलं, तेव्हा वय किती होतं तुमचं?
थोरले एकोणीस.
दगडूकाका सहा.

फैजाननं पळत जाऊन धाकटी बहीण आणली.
समायरा, पहिलीतली, हातात अर्धा पेरू.
तिला भिंतीला उभं करून गळ्याशी खडूची रेघ मारली.
थोरल्यांच्या कमरेशी दुसरी.
दोन बोटांचा फरक.
दगडूकाका रेघेकडे बघत राहिले,
भावाला म्हणाले, बघ.
एवढ्या वर्षांनी जिंकल्यासारखं, पण हळू.

हंडा सुंदराबाई परदेशींकडे होता.
पूर ओसरल्यावर त्यांच्या सासूला जिन्यात सापडला,
चिखलानं भरलेला, कुशीत पोचा आलेला.
गळ्याखाली कोरलेलं: सौ. गिरजाबाई रा.
पुढचं घासण्यात गेलं.
सासूनं विचारलं, मग यांनी विचारलं,
गंगेच्या दोन्ही काठांनी कुणी हो म्हणालं नाही.
तोवर पाणी तरी कशात भरायचं?

रात्री मी चिठ्ठी लिहिली: हंडा. पितळ. मालक अज्ञात.
सकाळी न्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, वाचून दाखव.
वाचली.
अज्ञात कसं? नाव तर आहे की तिचं.
पत्ता मिळाला नाही, असं लिही.

जत्रेत पहिला नंबर किल्ल्यालाच गेला,
त्याच्या बुरुजात दिवे लागत होते.
आमच्या टेबलाशी परीक्षकांनी चष्मा वर केला:
नेमकी उंची सेंटीमीटरमध्ये का नाही?
आमचा आकडा तक्त्यात कोपऱ्यात होता, त्यांना दिसला नाही,
कारण त्याच्यापुढं समायरा उभी होती,
सकाळपासून, कुणी न सांगता,
स्वतःच्या गळ्यावर आडवा हात ठेवून.
सर काही बोलले नाहीत. 'लोक म्हणतात' खाली
तीनदा लिहिलं होतं आम्ही. मार्क कापले नाहीत.

संध्याकाळी रिक्षात हंडा मांडीवर घेऊन परत.
गिरजाबाईंचं कुणी आलं का गं?
नाही.
बरं, म्हणाल्या, आणि तो राखेनं घासून
नळाखाली लावला.
धार आधी तळाशी वाजली, मग पोच्याशी,
मग आवाज जड होत गेला.
पाणी नावापर्यंत आलं
तसा त्यांनी नळ बंद केला.